महामेष घ्यावी की पशुधन अभियान?

हिंगण्याचा भाचा विचारत होता, "मामा, मेंढ्यांसाठी कोणती योजना धरू?"

आधी पैसा. राज्य सरकारच्या महामेष योजनेत २० मेंढ्या अन् १ नर, अनुदान ७५ टक्के. खिशातून पावच हिस्सा जातो. पण ती भटक्या जमाती-क, म्हणजे धनगर आणि तत्सम जमातींच्या प्रवर्गापुरतीच. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात जातीची अट नाही, अनुदान मात्र ५० टक्के. शिवाय सर्वांत लहान कळपच १०० माद्या अन् ५ नरांचा, त्याला अनुदान कमाल १० लाख. उरलेलं बहुधा बँकेचं कर्ज, आणि हप्त्याला उन्हाळा-पावसाळा कळत नाही.

मेहनत? २१ जनावरं घरचा एक माणूस चारून आणतो. १०५ ना शेड, चाऱ्याची जमीन, गडी लागतो. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (मेंढ्या अचानक दगावणाऱ्या आतड्याच्या रोगाची) लस चुकली, तर मोठ्या कळपात नुकसानही मोठं.

लोकरीचा हिशेब दोन्हीकडे सोडाच. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, घोंगडीपुरती. त्यात २०२२ च्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारानं ऑस्ट्रेलियन लोकरीवरचं आयात शुल्कही गेलं. कमाई मटणाचीच.

चराईवर जगणाऱ्या, प्रवर्गात बसणाऱ्या घरानं महामेष घ्यावी. ज्याच्याकडे ओलिताची जमीन, मेंढ्यांचा अनुभव आणि कर्ज पेलायची ताकद आहे, त्यानं अभियान. भाच्याकडे दीड एकर कोरडवाहू आहे.