बंदूक दुरुस्तीसाठी जुनी लेथ घेतली आणि ३,४०,००० रुपये गेले

वाळूजच्या एका गोडाऊनवाल्याने एचएमटी कंपनीच्या नावाखाली मला भलतीच लेथ, म्हणजे धातू फिरवून कातायची मशीन, गळ्यात मारली. मशीनचे ३,१०,०००, गाडीभाडं १४,५००, क्रेनचे ४,५००, फाउंडेशनचे ११,०००. एकूण ३,४०,००० रुपये. लिहायला लाज वाटते, कारण परभणीत लोक मशीन घेण्याआधी मलाच विचारायला येतात. पण गप्प बसलो तर तो पुढचं गिऱ्हाईक गाठणार.

माझं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे, शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवाना आहे. काम येतं ते बँकेच्या गार्डांच्या बारा बोअरचं आणि रानडुकरांपायी परवाना काढलेल्या शेतकऱ्यांचं. निजामाच्या काळातल्या विलायती दुनळ्याही आपल्याकडे अजून वाड्यांतून निघतात. त्यांचे स्क्रू बाजारात मिळत नाहीत, इंची आटे पाडून एकेक करावा लागतो. म्हणून इंची-मेट्रिक दोन्ही आटे पाडणारी, स्पिंडलचा, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याचा, होल मोठा आणि तो दांडा बसतो तो हेडस्टॉक आखूड असलेली मशीन हवी होती. अशा मशीनमध्ये एकनळीची नळी आरपार घालून दोन्ही बाजूंनी धरता येते.

डोळे झाकून घेतली नाही मी. होल व्हर्निअर लावून मोजला, ५२ मिमी भरला. चकाजवळ, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्याजवळ, डगमग मोजायचा डायल लावला, काटा जेमतेम हलला. त्याने तीन इंची दांडी कातून दाखवली, फिनिश एकदम चकाचक. समोर चालू मशीन बघून, मोजून घेणाऱ्याने अजून काय करायचं?

तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. कॅरेज, म्हणजे हत्यार धरून बेडवर सरकणारा भाग, चकाकडून दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे नेताना हँडल आधी अगदी हलकं फिरलं, अर्ध्याच्या पुढे जड झालं आणि शेवटी दोन्ही हातांनी ओढावं लागलं. ‘भाऊ, बरेच दिवस उभी आहे, तिकडचं ग्रीस सुकलंय,’ म्हणत त्याने बेडवर तेल सोडलं आणि पोराला चहा आणायला पिटाळलं. जुनी लेथ बघणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. चकाजवळ बेड घासलेला असतो, तिथली ढिलाई लपवायला सॅडलची, म्हणजे कॅरेजच्या बैठकीची, गिब (ढिलाई काढायची पट्टी) आवळतात, मग न घासलेल्या टोकाला कॅरेज अडकतं. हे मला ठाऊक होतं! पण समोर एचएमटीची पाटी, होल बरोबर, आणि दारात जालन्याचं दुसरं गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं. ते गिऱ्हाईक त्याचाच माणूस होता, हे नंतर कळलं.

दांडी कातायला लावाल तर सहा-आठ इंच लावा, टेलस्टॉकचा आधार न देता, आणि दोन्ही टोकं मायक्रोमीटरने मोजा. तीन इंचांत घासलेला बेड पकडता येत नाही. घरी फाउंडेशनवर नीट लेव्हल काढून मी १५० मिमी कातलं, तर ०.१८ मिमी टेपर आला, म्हणजे दोन टोकांच्या जाडीत तेवढा फरक. थिनरने पाटीभोवतीचा रंग पुसला, तेव्हा खाली दुसऱ्याच पाटीची रिव्हेटची भोकं निघाली, पुट्टीने बुजवलेली. कोटेशनमध्ये लिहिलेला फोर-जॉ (चार जबड्यांचा) चक आणि लांब कामाला आधार देणारी स्टेडी आलेच नाहीत. फोन लागतो, उचलत नाही.

टोकनचे ५०,००० आधी गेले होते, २,६०,००० गाडी भरायच्या आधी आरटीजीएसने. कोटेशनवरचा जीएसटी नंबर २४ ने सुरू होतो. २४ म्हणजे गुजरात, महाराष्ट्राचा २७. पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली. टोकन देण्याआधी एवढं बघाच.

आता पोलिसांचं ऐका. आमच्या ठाण्यात म्हणाले, माल वाळूजचा, तिकडे जा. तिकडे म्हणाले, पैसे परभणीच्या बँकेतून गेले, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी ते कलम छापून नेलं होतं. साहेबांनी कागद बाजूला सारला आणि विचारलं, ‘लेथवर काय बनवता? कट्टे?’ फसवणूक झालेला मी, आणि परवाना, रजिस्टर, दुरुस्तीच्या नोंदी माझ्याच तपासल्या. सगळं चोख निघालं, तरी तक्रार घेतली नाही. हा म्हणे ‘व्यवहारातला वाद’. खोटी पाटी ठोकून विकणं हा कुठला व्यवहार? सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर सांगितलं, मशीन तुम्ही प्रत्यक्ष पाहिली, हे ऑनलाइन प्रकरण नाही. बँक म्हणाली, आरटीजीएस तुम्हीच केलं. ग्राहक आयोगाच्या कारकुनाने व्यापारी वापर म्हणून हात झटकले. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारासाठी, पोट भरायला घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी धरत नाहीत, हे त्याला मी सांगायचं? कर कोणासाठी भरतो आपण?

पूर्ण पैसे गाडी भरायच्या आधी मागणाऱ्याकडून मशीन घेऊ नका. लाखभर तरी रक्कम आपल्या फाउंडेशनवर कातून दाखवेपर्यंत हातात ठेवा.

बेड ग्राइंडिंगचे ९५,००० सांगितलेत, पण मी दुरुस्तीला हात घातलेला नाही. पुरावा म्हणून तशीच ठेवली आहे. वकिलांमार्फत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज टाकतोय, त्यात भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) लावलं आहे. वाळूजकडून २४ नंबरच्या कोटेशनवर कोणी लेथ घेतली असेल, तर पाटीचे फोटो आणि आरटीजीएसची पावती जपून ठेवा आणि आपापल्या ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तक्रारी दोन-चार झाल्या की ‘व्यवहारातला वाद’ म्हणून परत पाठवणं त्यांना जड जाईल.