लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट पोस्टग्रेसला लावलं: द्राक्षाच्या एका हंगामाचा अनुभव

दिवाळीत भाचा पुण्याहून आला होता. तो नेटवर्किंग शिकतो. दिंडोरी तालुक्यातलं आमचं द्राक्षाचं पॅकहाऊस बघायला त्याला नेलं, तेव्हा हंगामाआधीची खाती तपासायचं काम चालू होतं. त्याने वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवर वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारा प्रोग्रॅम, लावला आणि म्हणाला, "मामा, एखाद्या शेतकऱ्याचं खातं उघडा." मी उघडलं. पडद्यावर उजव्या बाजूच्या पट्ट्यात नावाच्या जागी नुसती टिंबं होती, कारण नाव देवनागरीत. पण त्याच्या पुढे बँकेचा खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड स्वच्छ वाचता येत होते. आकडा न् आकडा. हे सगळं मोबाईलच्या राऊटरवरून, उघड्यावर, भाड्याच्या सर्व्हरपर्यंत जात होतं. पासवर्ड तेवढा दिसला नाही, कारण आमचा डेटाबेस पोस्टग्रेसवर आहे आणि त्याची पासवर्ड तपासायची स्क्रॅम पद्धत तो तसाच्या तसा पाठवत नाही. बाकी सगळं उघडं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. शेतकरी माल देतो तेव्हा सोबत खाते क्रमांक देतो, प्लॉटची नोंदणी देतो, औषधांच्या अवशेषांचा अहवाल देतो. तो विश्वासाने देतो. ते जपणं माझं काम आहे, कारण या पॅकहाऊसचा डेटाबेस गेली नऊ वर्षं मीच सांभाळतो.

सर्व्हर ज्यांनी लावून दिला होता त्यांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, एसएसएल चालूच आहे." एसएसएल म्हणजे जोडणीवरून जाणारा मजकूर गुप्त करायची सोय. त्यांचं म्हणणं खरंही होतं. उबंटूवर पोस्टग्रेस बसवला की एसएसएल आपोआप चालू होतं आणि त्यासाठी 'स्नेकऑइल' नावाचं एक स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, वापरलं जातं. पण सर्व्हरकडे सोय असणं आणि प्रत्येक जोडणीने ती वापरणं यात फरक आहे. 'पीजी_स्टॅट_एसएसएल' हा तक्ता उघडून बघा, कुणाची जोडणी गुप्त आहे ते ओळीओळीने दिसतं. माझ्याकडे तेव्हा अकरा जोडण्या होत्या. नऊ ओळींपुढे 'टी' (गुप्त) होतं, दोन ओळींपुढे 'एफ' (उघडी). दोन्ही पॅकहाऊसच्या काट्याच्या. कधीतरी काहीतरी अडलं म्हणून कुणीतरी तिथल्या सेटिंगमध्ये एसएसएलमोड 'डिसेबल' करून ठेवलं होतं आणि सर्व्हरने ते निमूट चालवून घेतलं होतं. ज्यांच्याकडे पोस्टग्रेस आहे त्यांनी आजच हा तक्ता बघावा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता मूळ विषय, अशी सर्टिफिकेटं देणारी लेट्स एन्क्रिप्टची सेवा. ती अमेरिकेतली आयएसआरजी ही ना-नफा संस्था चालवते, डिसेंबर २०१५ पासून ती सगळ्यांसाठी खुली आहे, आणि पैसे शून्य. सर्टिफिकेट ९० दिवस चालतं. डोमेन तुमचं आहे एवढंच तिला पटवून द्यावं लागतं. लोक बहुतेक वेळा ८० क्रमांकाचं पोर्ट उघडून हे करतात, पण माझ्या डेटाबेसच्या सर्व्हरवर वेबसाइट नाही आणि त्यासाठी नवं दार उघडायची माझी तयारी नव्हती. म्हणून डीएनएसची पद्धत घेतली: ती सांगेल तो मजकूर डोमेनच्या टीएक्सटी नोंदीत टाकायचा, तो तिने वाचला की सर्टिफिकेट हातात. सर्टबॉट हा सर्टिफिकेट आणणारा प्रोग्रॅम वापरून सगळी मिळून वीस मिनिटं लागली असतील, त्यातली पंधरा माझ्या वाचनाची. आधी तिच्या चाचणीच्या सर्व्हरवर, म्हणजे स्टेजिंगवर, करून बघितलं. तसंच करा, कारण खऱ्या सर्व्हरवर त्याच नावांचं सर्टिफिकेट आठवड्यात पाचच वेळा मिळतं आणि चुका करत बसलं तर ते पाच लवकर संपतात.

डीएनएसच्या पद्धतीत एक अट मात्र आहे. दर वेळी ती नोंद हाताने टाकायची असेल तर नूतनीकरण आपोआप होत नाही. तुमच्या डोमेनवाल्याकडे एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमने नोंद बदलायची सोय, हवा. आमच्या जुन्याकडे नव्हता, म्हणून डीएनएस दुसरीकडे हलवावं लागलं. त्यात अख्खा रविवार गेला.

आणखी एक गोष्ट आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. दिलेलं प्रत्येक सर्टिफिकेट जाहीर नोंदवहीत लिहिलं जातं, कुणीही ती नावं बघू शकतो. मी सर्व्हरच्या नावात आधी 'हिशेब' घातलं होतं. ते काढलं आणि काहीही अर्थबोध होणार नाही असं साधं नाव ठेवलं.

सेवेचं काम इथे संपतं आणि आपलं सुरू होतं. वेबसाइटला सर्टबॉट पुष्कळ गोष्टी स्वतः जोडून देतो. डेटाबेसच्या बाबतीत तो फाईल आणून ठेवतो आणि बाजूला होतो. पहिली अडचण फाईल वाचण्याच्या हक्काची. सर्टबॉटची 'लाईव्ह' फोल्डर फक्त रूटला, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याला, उघडते, पोस्टग्रेस स्वतःच्या नावाने चालतो, त्याला तिथे शिरता येत नाही. म्हणून फाईल कॉपी करून त्याच्या मालकीची करायची. आणि त्याच्या मालकीची प्रायव्हेट की (सर्टिफिकेटची गुप्त किल्ली) गट किंवा इतर कुणालाही वाचता येत असेल तर पोस्टग्रेस सुरूच होत नाही. परवानगी ०६०० हवी. सर्टिफिकेटची फाईल 'फुलचेन' घ्या, नुसती 'सर्ट' नको, नाहीतर समोरच्याला तुमचं सर्टिफिकेट आणि सेवेचं मूळ सर्टिफिकेट यांना जोडणारी मधली कडी सापडत नाही.

मग कुणाला आत घ्यायचं हे ठरवणाऱ्या 'पीजी_एचबीए' फाईलमध्ये बाहेरून येणाऱ्या ओळींवर 'होस्ट' च्या जागी 'होस्टएसएसएल' लिहिलं. आता उघड्याने येणाऱ्याला सर्व्हर दारातूनच परत पाठवतो. काट्याचा कॉम्प्युटर लगेच बंद पडला, आणि मला तेच हवं होतं.

पण खरी गोम समोरच्या टोकाला असते. पोस्टग्रेसच्या क्लायंटची, म्हणजे सर्व्हरला जोडणाऱ्या प्रोग्रॅमची, मूळ सवय 'प्रेफर' ही आहे: जमलं तर गुप्त, नाही जमलं तर उघडं. 'रिक्वायर' केलं तर जोडणी गुप्त होते, पण समोर आपलाच सर्व्हर आहे का हे तो विचारत नाही. वाटेत कुणी स्वतःचा सर्व्हर उभा करून बसला तर त्याच्याशीही तो इमानाने गुप्त बोलेल. सर्टिफिकेट कुणी दिलं आणि त्यावरचं नाव बरोबर आहे का, हे दोन्ही तपासणारा पर्याय एकच, 'व्हेरिफाय-फुल'. तो लावला नाही तर लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट आणि ते स्नेकऑइल यात तुम्हाला काडीचा फरक पडणार नाही. काट्यावर विंडोज आहे. तिथे ॲपडेटाच्या पोस्टग्रेसएसक्यूएल फोल्डरमध्ये 'आयएसआरजी रूट एक्स१' हे मूळ सर्टिफिकेट ठेवलं. त्याची मुदत २०३५ पर्यंत आहे. मधलं सर्टिफिकेट तिथे ठेवू नका, ती बदलत राहतात. पहिल्यांदा जोडणी नाकारली गेली, कारण सेटिंगमध्ये नावाऐवजी आयपी पत्ता होता. नाव लिहिलं आणि चाललं. ती तारीख ११ नोव्हेंबर.

हंगाम सुरू झाला. भाचा परत आला तेव्हा पुन्हा वायरशार्क लावला. ना आकडा, ना कोड, नुसता कचरा. तो कचरा बघून मला फार समाधान वाटलं.

९ फेब्रुवारीला पहाटे सहाला पॅकहाऊसच्या सुपरवायझर ताईंचा फोन. "भाऊ, काटा चालू आहे, वजन दाखवतोय, पण नोंद चढत नाहीये. तीन गाड्या उभ्या आहेत." फेब्रुवारीत आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. पहाटे खुडलेला माल उन्हं चढायच्या आत ५०० ग्रॅमच्या पनेटमध्ये भरून प्री-कूलिंगला जायला हवा. मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून बघितलं तर सगळं ठीक. त्यात माझा पाऊण तास गेला. ताईंनी तोवर वहीत नोंदी लिहून काम रेटलं, म्हणून माल थांबला नाही.

कारण असं निघालं. सर्टबॉटने ३० दिवस आधीच, जानेवारीच्या १० तारखेला, नवं सर्टिफिकेट आणून ठेवलं होतं. सेवेने तिचं काम चोख केलं होतं. पण पोस्टग्रेस माझ्या हाताने केलेली जुनी कॉपी वापरत होता आणि ती त्या दिवशी पहाटे संपली. नव्याने जोडू पाहणाऱ्या काट्याने संपलेलं सर्टिफिकेट बघून नकार दिला. ऑफिसची जोडणी रात्रभर उघडी होती, आणि चालू जोडणीला मुदत संपल्याचं कळत नाही, म्हणून तिथे सगळं सुरळीत दिसत होतं. चूक माझी होती. आणि काट्याने नकार दिला हे त्याने योग्यच केलं, हेही त्याच सकाळी लक्षात आलं.

उपाय चार ओळींचा. सर्टबॉटच्या 'रिन्यूअल-हूक्स' मध्ये 'डिप्लॉय' म्हणून फोल्डर आहे. तिथे एक छोटी स्क्रिप्ट ठेवायची: दोन्ही फाईल कॉपी कर, मालकी बदल, परवानगी लाव, पोस्टग्रेसला रीलोड सांग. पोस्टग्रेसच्या आवृत्ती १० पासून रीलोड पुरतं, सर्व्हर बंद-चालू करावा लागत नाही, चालू असलेल्या जोडण्या तुटत नाहीत. नव्या फाईलमध्ये काही बिघाड असला तर पोस्टग्रेस ते लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदींच्या फाईलमध्ये, लिहितो आणि जुन्यावरच चालत राहतो. म्हणून रीलोड झालं एवढ्यावर विसंबू नका, लॉग बघा.

मुदत संपत आल्याची ईमेल लेट्स एन्क्रिप्ट आधी पाठवायची, ती जून २०२५ मध्ये बंद केली. ही एक गोष्ट मला आवडली नाही. माझ्यासारख्या एकट्या माणसाला ती आठवण मोलाची होती. आता मी रोज सकाळी सातला ओपनएसएसएल या सर्टिफिकेट तपासायच्या आणि बनवायच्या प्रोग्रॅमने सर्व्हरकडूनच तारीख विचारतो. डिस्कवरच्या फाईलची नाही, सर्व्हर प्रत्यक्ष दाखवतो त्या सर्टिफिकेटची. त्यात 'स्टार्टटीएलएस पोस्टग्रेस' असा पर्याय आहे. वीस दिवसांपेक्षा कमी उरले की मोबाईलवर संदेश येतो. सगळ्याच कंपन्यांच्या जाहीर सर्टिफिकेटांची मुदत मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे. तेव्हा हाताने काम करणाऱ्यांचं काही खरं नाही, हे आत्ताच बसवून घ्या.

ही सेवा सगळ्यांनी घ्यावी का? ज्यांच्याकडे स्वतःचं डोमेन आहे आणि दोन-तीन गावांहून जोडणी होते, त्यांनी जरूर. अंबडच्या एका कारखान्यातल्या मित्राचा डेटाबेस मात्र चार भिंतींच्या आतच आहे, नावही '.लोकल' मध्ये संपणारं. त्याला लेट्स एन्क्रिप्ट सर्टिफिकेट देऊच शकत नाही. त्याला मी ओपनएसएसएलने स्वतःची सीए, म्हणजे सर्टिफिकेट देणारी यंत्रणा, करून दिली, तिचं मूळ सर्टिफिकेट सात कॉम्प्युटरवर टाकलं, मुदत एक वर्ष ठेवली. त्याच्यासाठी तेच बरोबर. 'व्हेरिफाय-फुल' मात्र दोघांनाही लागतंच.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो ईमेलसाठी.

११ मार्चला पुढचं नूतनीकरण झालं. मी तेव्हा पॅकहाऊसवरच होतो, प्री-कूलिंगच्या दारापाशी. १२ तारखेला सकाळी सातला मोबाईलवर तारीख बघितली: ९ जून. मागे काट्यावर ताई क्रेट चढवत होत्या आणि नोंदी चढत होत्या.