कोकणात नवा डेस्कटॉप: नऊ महिन्यांनंतर एसएमपीएस, यूपीएस आणि अर्थिंगचा हिशेब

सहा कोअरचा ६५ वॉटचा प्रोसेसर, एकच आठ-पिनी जोड लागणारं ग्राफिक्स कार्ड, ६५० वॉटचा गोल्ड दर्जाचा (म्हणजे कमी वीज वाया घालवणारा) एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, आणि ६०० व्हीएचा साधा यूपीएस. रत्नागिरीजवळचं खाडीकाठचं चिरेबंदी घर, मागे जांभ्याचा सडा. मशीन वैशाखात जोडलं, आता माघ चालू आहे. एवढ्या काळात एसएमपीएसने एकदाही दगा दिला नाही. पॉवरच्या तक्रारी भरपूर आल्या, पण बहुतेक भिंतीतून आल्या.

सगळ्यात महत्त्वाचं अर्थिंग, म्हणून आधी तेच. कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लागलं की झिणझिण्या येत होत्या आणि टेस्टर पेटत होता. हा एसएमपीएसचा बिघाड नव्हे. त्याच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ तुटलेला असला की बॉडी मधल्या पातळीवर, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर तरंगते. करंट अगदी कमी असतो, पण चालू मशीनला एचडीएमआय किंवा यूएसबी लावताना पोर्ट उडायला पुरेसा आहे. मल्टीमीटर एसीवर ठेवून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजलं तर ३८ आलं. ते दोन-तीनच्या आत हवं. कारणं दोन निघाली. एक्स्टेन्शन बोर्डात तिसरं भोक होतं, पण आत अर्थची पट्टी कुठेच जोडलेली नव्हती. आणि जांभा पाणी धरत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा पडला होता. बोर्ड बदलला, वायरमनकडून खड्ड्यात कोळसा-मीठ भरून घेतलं, आता फाल्गुनापासून आठवड्याला दोन कळशा पाणी. रीडिंग २ व्होल्टवर आलं, झिणझिण्या बंद.

दुसरा त्रास: लाईट गेली की यूपीएस असूनही मशीन बंद. नुसतं ब्राउझर चालू असताना नाही, गेम किंवा रेंडरिंग चालू असतानाच. ६०० व्हीए म्हणजे सुमारे ३६० वॉट, आणि भिंतीवरचं मोजमाप २९० च्या आसपास, म्हणजे हिशेब बसत होता. अडचण होती लहरीची. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की पायऱ्या-पायऱ्यांची लहर देतो. अॅक्टिव्ह पीएफसी (वीज गुळगुळीत लहरीत ओढणारी आतली सर्किट) असलेल्या एसएमपीएसला ती पचतेच असं नाही. वर लोड जास्त असला की यूपीएस बॅटरीवर जाण्याच्या काही मिलिसेकंदांत एसएमपीएसच्या कपॅसिटरमधला वीजसाठा लवकर सरतो. १००० व्हीएचा प्युअर साइनवेव्ह (गुळगुळीत लहर देणारा) यूपीएस लावल्यापासून एकही रीस्टार्ट नाही. एसएमपीएस ७५० चा घेण्यापेक्षा हे पैसे शंभर टक्के योग्य जागी गेले. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागची खटकी ‘यूपीएस’वर ठेवा, पण संध्याकाळी व्होल्टेज १८० च्या खाली जात असेल तर तो लाईट असूनही बॅटरी खात बसेल, हेही लक्षात ठेवा.

विंडोजच्या नोंदीत दिसणारा ‘कर्नल-पॉवर ४१’ पाहून एसएमपीएस परत करायला धावू नका. मशीन नीट बंद झालं नाही, एवढंच तो सांगतो. कारण सांगत नाही.

मशीन सुरूच होत नसेल तर एसएमपीएसच्या मागची खटकी पाहा, मग मदरबोर्डवरचा दिवा. दिवा आहे म्हणजे बहुधा ५ व्होल्टची स्टँडबाय लाईन जिवंत आहे. क्षणभर पंखा फिरून बंद पडत असेल तर प्रोसेसरचा ४+४ जोड राहिलाय का पाहा. ग्राफिक्सचा ६+२ तिथे जोर लावून बसवू नका. मदरबोर्डवरच्या पॉवर बटणाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर टेकवल्या की बटण खराब आहे का ते कळतं. तरीही नाही, तर मदरबोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर आणि एकच रॅम. तिथे चालू झालं तर बहुधा कॅबिनेटमध्ये एखादा जास्तीचा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो ती धातूची खुंटी) बोर्डाला खालून टेकतोय. रॅम डीडीआर५ प्रकारची असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं पडदा काळा राहतो, तेवढा धीर धरा.

नुसता एसएमपीएस तपासायला २४ पिनांच्या जोडातली हिरवी आणि कुठलीही काळी तार क्लिपने जोडा, एक पंखा लोड म्हणून लावा. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आलं पाहिजे. सगळ्याच तारा काळ्या असतील तर मॅन्युअलमधला पिनांचा नकाशा घ्या. डबा मात्र उघडू नका; प्लग काढल्यावरही आतला मोठा कपॅसिटर तीनशेच्या वर व्होल्ट धरून असू शकतो. दुसऱ्या मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसची केबल तर कधीच वापरू नका, एसएमपीएसच्या बाजूचा पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि हार्डडिस्क जळू शकते.

पावसाळ्यात दोन गोष्टी. खाऱ्या दमट हवेने सॉकेटच्या पितळी पट्ट्या काळ्या पडतात, पकड सैल होते आणि आत ठिणगी पडून मशीन रीस्टार्ट होतं. प्लग गरम लागला तर सॉकेट बदला. रॅमचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, खोडरबरने नको, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. रोज तासभर चालणारं मशीन कोरडं राहतं.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की प्लग ओढा, आणि लॅनची केबलही. फायबरची काच वीज नेत नाही, पण फायबर इंटरनेटच्या डब्याच्या अडॅप्टरमधून आलेली उसळी तांब्याच्या लॅनवरून थेट मदरबोर्डात शिरू शकते.