एक दिवस पुण्यात: वाडा, गड की बारव?

बाहेरगावचे पाहुणे येणार असले की पुण्यातल्या घरात हा प्रश्न निघतोच. हाताशी एक दिवस आहे, मग शनिवारवाडा दाखवायचा की सिंहगड? माझ्याकडे आत्या आली, भाचे आले, मित्राचे आईवडील आले, आणि दर वेळी उत्तर वेगळं निघालं. कारण जिथे मोठ्या घटना घडल्या तिथे आज उरलंय थोडं, आणि जे अजून धड उभं आहे तिथे फारसं कुणी जात नाही. पाहुण्याला ऐकायची आवड आहे की बघायची, एवढं आधी ओळखलं तरी निवड बरीच सोपी होते.

शनिवारवाडा हे ऐकायचं ठिकाण. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत केली. दोन्ही दिवस शनिवार. खर्च आला १६,११० रुपये. फेब्रुवारी १८२८ च्या आगीत आतले मजले, दिवाणखाने, लाकडी कोरीवकाम सगळं गेलं. आज तट, पाच दरवाजे आणि आत इमारतींची जोती आहेत. दिल्ली दरवाजाच्या खिळ्यांपाशी, नगारखान्याच्या लाकडी खांबांपाशी जुन्या वाड्याची धग अजून जाणवते. पुढे मात्र हिरवळ आणि दगडी चौथरे. म्हणून सोबत सांगणारा माणूस हवा. ३० ऑगस्ट १७७३ ला अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी, म्हणजे पगारी पहारेकऱ्यांनी, इथेच मारलं, हे उभ्या जागी ऐकताना माझ्या भाच्यांनी एकमेकांचे हात धरले होते. सांगणारं कुणी नसेल तर मुलं दहा मिनिटांत कंटाळतात. दुपारी तर जाऊच नका, सावली जवळपास नाही.

एक गोष्ट मात्र तिथे आवर्जून दाखवा: हजारी कारंजं, सोळा पाकळ्यांच्या कमळाचं. वाड्यात पाणी खेळायचं ते थेट कात्रजहून. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या दगडी नळातून ते शहरात आणलं, वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे हवा जायच्या वाटा, ठेवले, आणि त्याच पाण्यावर पेठांमधले हौद भरू लागले. काळा हौद, बदामी हौद ही नावं पुणेकरांच्या तोंडी आहेत ती तेव्हापासून. कोरड्या कारंजापाशी उभं राहून हे सांगितलं की पाहुण्याला वाड्याबरोबर त्याच्या भोवतीचं गावही दिसू लागतं.

विश्रामबागवाडा शनिवारवाड्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, बाजीराव रस्त्यावर. दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला राहण्यासाठी बांधलेला. १८२१ मध्ये इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा काढली. १८७९ च्या आगीत एक भाग जळाला, तो पुन्हा उभारला गेला. रस्त्यावरून मान वर केली की कोरीव सागवानी सज्जा आणि सुरूच्या आकाराचे खांब दिसतात. माझा आग्रह असा, की आधी हा बघा आणि मग शनिवारवाड्यात जा. बहुतेक लोक उलट करतात. लाकडी वाडा कसा असतो हे डोळ्यांत साठवून गेलात, तर शनिवारवाड्याच्या जोत्यांवर खांब, तुळया, चौक आपोआप उभे राहतात. आत किती भाग खुला आहे ते दुरुस्तीच्या कामावर ठरतं, तेवढं विचारून जा. मेट्रोचं मंडई स्टेशन जवळ आहे. गाडी घेऊन या भागात शिरू नका. लाल महाल वाटेतच लागतो. सध्याची वास्तू १९८० च्या दशकातली, त्यामुळे १६६३ चा शाइस्ताखानावरचा छापा मुलांना सांगण्यापुरतं थांबलं तरी पुरे.

वयस्कर मंडळी असतील तर मी दोन्ही वाडे सोडून नगर रस्त्यावर आगाखान पॅलेसला नेतो. १८९२ मध्ये तिसऱ्या आगाखानांनी बांधलेली ही इमारत पूर्ण उभी आहे, झाडं आहेत, बसायला जागा आहे. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात गांधीजी, कस्तुरबा, महादेवभाई देसाई आणि सरोजिनी नायडू इथेच नजरकैदेत होते. महादेवभाई १५ ऑगस्ट १९४२ ला गेले, कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला. दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला आहेत. आत्याचे गुडघे दुखतात, तिला बाकीचं काही झेपलं नसतं. समाध्यांपाशी ती बराच वेळ नुसती उभी राहिली आणि घरी येईपर्यंत फारसं बोलली नाही. घडलेलं आणि उरलेलं शहरात एकत्र बघायचं तर ते इथे.

पाय धड असतील तर सिंहगड. स्वारगेटहून तीसेक किलोमीटर. पायथ्यापर्यंत पीएमपीची बस जाते, वर जीपा आहेत. पण गाडीने वर जाऊन भजी खाऊन खाली येणं म्हणजे गड पाहणं नव्हे, असं मी स्पष्टच सांगतो. आतकरवाडीची पायवाट धरा, तास-दीड तासात पुणे दरवाजा येतो. चढ चढून छाती भरून आली की ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांची माणसं अंधारात दोराने कडा कशी चढली असतील, हे पहिल्यांदा खरं वाटतं. तानाजींची समाधी, राजाराम महाराजांची समाधी, देवटाक्याचं गार पाणी, कल्याण दरवाजा, आणि हवा स्वच्छ असेल तर समोर राजगड-तोरणा. मग पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. सुटीच्या दिवशी घाटात गाड्यांची रांग लागते, म्हणून उजाडायच्या आत निघा नाहीतर मधला वार निवडा. वाडे आणि गड एकाच दिवसात उरकायचा बेत करू नका, दोन्हीकडे घाई होते.

आता बारव, म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायची विहीर. आमच्या घरात हिच्यावरून मतभेद आहेत, कारण त्यासाठी पुणं सोडावं लागतं. सातारा रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर, साताऱ्याच्या अलीकडे लिंब गावाच्या फाट्याला आत वळायचं. शेतात ही बारा मोटेची विहीर (मोट म्हणजे बैलांनी ओढून पाणी काढायची चामडी पिशवी). विरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात बांधली; तसा शिलालेख आहे. शनिवारवाड्याचा पाया घालायच्या आधीची! वरून बघितलं तर शिवलिंगाचा आकार, खोली ११० फूट, व्यास ५०. पायऱ्या उतरून कमानीखालून आत गेलं की गारवा अंगावर येतो, भिंतीवर शरभ हे सिंहासारखे काल्पनिक प्राणी कोरलेले, आणि मधल्या भागात चक्क छोटा महाल. तिथल्या अरुंद जिन्याने वर आलात की मोटा चालायच्या त्या जागा. एका वेळी बारा मोटा, तेवढ्या बैलजोड्या धावेवरून, म्हणजे मोट ओढायच्या उतरत्या वाटेवरून, मागे-पुढे होतायत, थारोळ्यात, म्हणजे मोट रिकामी होते त्या कुंडात, पाणी पडतंय, पाटाने आमराईकडे निघालंय. हे कल्पनेनं रचावं लागत नाही, सगळ्या जागा तिथेच आहेत.

शनिवारवाड्याच्या कारंजाचं पाणी मला सांगावं लागतं. लिंबला भाचा पायऱ्या उतरला आणि स्वतःच म्हणाला, "मामा, इथे पाणी अजून आहे." गाडी असेल, माणसं बघणारी असतील, तर मी लिंबलाच नेईन. फक्त भर पावसात नको, पायऱ्या निसरड्या होतात. आणि कठडा आहे असं धरून चालू नका, लहान मुलाचा हात धरूनच उतरा.