प्लेअर चार्ज होतो पण कॉम्प्युटरला दिसत नाही: केबल, रिसेट, कार्ड रीडर, दुकान की सरळ नवा?

बाबांचा गाण्यांचा जुना प्लेअर मागच्या महिन्यात रुसला. म्हणजे बंद नाही पडला, गाणी वाजतात, चार्जिंगचं चिन्ह पण येतं, फक्त लॅपटॉपला लावला की ढिम्म. टुंग आवाज नाही, ड्राइव्ह नाही, काही नाही. त्यात त्यांची हजारभर गाणी, निम्मी तर कॅसेटवरून मी एका मे महिन्याच्या सुट्टीत बसून घेतलेली, आणि ज्या कॉम्प्युटरवर घेतली तो केव्हाच भंगारात गेला. एक दुकानदार म्हणाला "द्या इकडे, फॉरमॅट मारतो, पाच मिनिटांचं काम", दुसरा म्हणाला "मॅडम हे आता कोण वापरतं, मोबाइलवर ऐका ना". दोघांचंही ऐकलं नाही ते बरं झालं, कारण शेवटी निघालं काय तर केबल. दीडशे रुपयांची.

म्हणून इतरांवर ही वेळ आली तर आधी एकच ठरवा, तुम्हाला गाणी वाचवायचीयत की प्लेअर? ऐकायला सारखंच वाटतं पण रस्ते उलटे आहेत. गाण्यांची दुसरी कॉपी घरात कुठेतरी असेल तर बिनधास्त फॉरमॅट करा, म्हणजे सगळं पुसून टाका, तासाभरात मोकळे व्हाल. कॉपी नसेल तर फॉरमॅट हा शब्द उच्चारणाऱ्या माणसाच्या हातात प्लेअर द्यायचाच नाही. खालची सगळी तुलना मी ह्याच हिशोबाने केलीये.

केबलचं दुखणं की कॉम्प्युटरचं?

साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, लाल आणि काळी करंटसाठी, हिरवी आणि पांढरी डेटासाठी. स्वस्तातल्या चार्जिंग केबलमध्ये डेटाच्या दोन तारा नसतातच किंवा वाकून वाकून आतल्या आत तुटलेल्या असतात, म्हणून चार्जिंग मस्त होतं आणि आपण म्हणतो केबल तर चांगली आहे. तर चार्ज होतंय म्हणजे केबल ठीक, हे आधी डोक्यातून काढा. त्याच केबलने दुसरं काहीतरी, फोन म्हणा कॅमेरा म्हणा, कॉम्प्युटरला दिसतं का ते बघा, तीच खरी परीक्षा.

ओळखायची सोपी खूण सांगते. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या वस्तूंची यादी, उघडून ठेवा आणि प्लेअर लावा. यादी हललीच नाही, आवाजही नाही, तर बहुतेक केबल, नाहीतर प्लेअरचं सॉकेट, नाहीतर कॉम्प्युटरचा पोर्ट. यादी हलली आणि पिवळा त्रिकोण आला तर कॉम्प्युटरला कोणीतरी आलंय हे कळलंय पण ओळख पटत नाहीये, तिथे ड्रायव्हरवर, म्हणजे ती ओळख पटवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरवर, संशय घ्या. त्या एंट्रीवर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल, प्लेअर काढा, कॉम्प्युटर रीस्टार्ट, परत लावा, ह्याला खर्च शून्य. 'अननोन यूएसबी डिव्हाइस' असं आलं तर मात्र परत केबलकडे या, कारण अर्धवट तुटलेली तारसुद्धा हाच मेसेज आणते. आणि हब, एक्स्टेन्शन, डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट ह्यातलं काहीही मध्ये नको, थेट मागच्या पोर्टला लावा.

कुठली केबल हाही घोळच आहे. जुन्या छोट्या प्लेअरना मिनी यूएसबी लागते, मोबाइलच्या दुकानात मागितली की मायक्रो काढून देतात, त्यापेक्षा कॅमेऱ्याची किंवा गाडीच्या डॅशकॅमची केबल म्हणून मागा, लगेच मिळते. ॲपलच्या जुन्या आयपॉडना 30 पिनांची रुंद केबल, 2012 सालच्या शेवटच्या आयपॉड नॅनोला लाइटनिंग, आणि आयपॉड शफलची केबल तर हेडफोनच्या भोकातच जाते. सोनीच्या बऱ्याच जुन्या वॉकमनना त्यांची स्वतःची 22 पिनांची केबल, दुसरी कुठलीच चालत नाही. नवीन सी टाइपवाल्या स्वस्त प्लेअरमध्ये वेगळीच गंमत, दोन्ही बाजूंना सी असलेल्या केबलने काहींना करंटसुद्धा मिळत नाही, कारण समोरच्याला 'मी इथे आहे' सांगणारा छोटा रेझिस्टर बनवणाऱ्याने पोर्टात टाकलेलाच नसतो. अशा वेळी एका टोकाला जुना चपटा यूएसबी असलेली साधी केबल लावा, चालू होतं. मला हे कळेपर्यंत मैत्रिणीचा नवाकोरा प्लेअर मी परत करायला लावणार होते.

तर केबल आणि ड्रायव्हर ह्यात आधी कुठे हात घालायचा? खर्चाने बघितलं तर ड्रायव्हर फुकट, पण अनुभवाने म्हणाल तर मी आधी केबल बदलेन, नंतर दुसऱ्या कोणाच्यातरी कॉम्प्युटरला लावून बघेन, आणि तिथे दिसला तरच स्वतःच्या ड्रायव्हरच्या मागे लागेन. उलट क्रमाने गेलात तर रविवार जातो.

एमएससी की एमटीपी?

हे बऱ्याच प्लेअरच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड नावाने असतं आणि बहुतेकांनी कधी उघडलेलं नसतं. एमएससी म्हणजे प्लेअर पेन ड्राइव्हसारखा दिसतो, त्याला ड्राइव्हचं अक्षर मिळतं, विंडोज असो मॅक असो लिनक्स असो सगळ्यांना कळतो. एमटीपीमध्ये प्लेअर स्वतःच मालक राहतो, कॉम्प्युटरने फाइल मागायची आणि त्याने द्यायची. ह्याचा फायदा असा की मध्येच केबल ओढली तरी मेमरी सहसा बिघडत नाही. तोटा असा की समोरच्याला ती भाषा यायला हवी. मॅकला एमटीपी आपणहून येत नाही, ओपनएमटीपीसारखं फुकट सॉफ्टवेअर टाकावं लागतं. आणि विंडोजची एन नावाची आवृत्ती असते, तिच्यात मीडियाचं सामान काढून टाकलेलं असतं त्यामुळे एमटीपीवाला प्लेअर दिसतच नाही, मग सेटिंगमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन मीडिया फीचर पॅक टाकायचा. ऑफिसातल्या कोणीतरी विंडोज टाकून दिलं असेल तर कुठली आवृत्ती आहे ते एकदा बघाच.

पर्याय असेल तर मी डोळे मिटून एमएससी निवडेन, फक्त केबल ओढण्याआधी कॉम्प्युटरवर 'सेफली रिमूव्ह' करायची सवय लावून घ्या. पण एक धोक्याची सूचना. सॅनडिस्कच्या सान्सा क्लिपसारख्या काही प्लेअरमध्ये एमटीपीत भरलेली गाणी एमएससीत लावल्यावर कॉम्प्युटरला दिसत नाहीत. गेली नसतात, मोड परत बदलला की हजर. लोक घाबरतात, गाणी उडाली समजून फॉरमॅट करतात आणि मग खरंच उडतात.

एमएससीत असून ड्राइव्ह दिसत नसेल तर विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे डिस्क आहे पण अक्षर नाही असं कधी कधी असतं, राइट क्लिक करून अक्षर दिलं की झालं. तिथे रॉ (RAW) लिहिलेलं दिसलं तर फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली कुठे आहेत त्याची मांडणी, बिघडलीये, तिथे थांबा. विंडोज लगेच फॉरमॅट करू का विचारतं, नाही म्हणा. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, नाव फोटोचं असलं तरी ते एमपीथ्री पण शोधून काढतं, फाइलींची नावं जातात पण गाणी मिळतात.

आयपॉडवाल्यांचं प्रकरण वेगळं

आयपॉड क्लासिक 2014 मध्ये बंद झाला, शेवटचा टच 2022 मध्ये, तरी लोकांकडे अजून आहेत. ह्यात तीन उपाय एकाच दमात सांगितले जातात, रिसेट, डिस्क मोड आणि रिस्टोअर, आणि ते तिन्ही वेगवेगळे आहेत.

रिसेट म्हणजे नुसतं परत चालू करणं, गाणी जात नाहीत. क्लासिकला होल्डचं बटण एकदा पुढे-मागे करा, मग मेनू आणि मधलं बटण सफरचंद येईपर्यंत दाबून ठेवा. सफरचंद आलं की लगेच मधलं आणि प्लेचं बटण धरलं तर डिस्क मोड, ह्यातही गाणी सुरक्षित. रिस्टोअर म्हणजे सगळं साफ. ॲपलचं आयट्यून्स सॉफ्टवेअर रिस्टोअर इतक्या सहज सुचवतं की माणूस ओके दाबून मोकळा होतो.

कॉपी नसलेल्यांनी डिस्क मोडपर्यंतच जा, रिस्टोअरला हात लावू नका. त्या मोडमध्ये ड्राइव्ह दिसला की विंडोजला लपवलेल्या फाइली दाखवायला सांगा, आत आयपॉड कंट्रोल नावाचा फोल्डर, त्यात म्युझिक, त्यात एफ शून्य शून्य असे फोल्डर आणि चार अक्षरी विचित्र नावांच्या फाइली. तीच तुमची गाणी. सगळा फोल्डर उचलून कॉम्प्युटरवर ठेवा, गायकाचं आणि गाण्याचं नाव फाइलच्या आत लिहिलेलं असतं, त्यामुळे कुठल्याही प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये टाकलं की बरीचशी नावं परत दिसतात. नंतर खुशाल रिस्टोअर करा.

अजून एक, मॅकवर तयार केलेला आयपॉड विंडोजला वाचता येत नाही आणि विंडोज लगेच डिस्क फॉरमॅट करा म्हणतं. तो बिघडलेला नसतो. कोणाचातरी मॅक शोधा. उलटं चालतं, विंडोजवरचा आयपॉड मॅक वाचतो. आणि क्लासिकमधून टिकटिक आवाज येत असेल तर आतली इवलीशी हार्ड डिस्क चाललीये, तेव्हा वारंवार लावून बघू नका, जेवढं निघतंय तेवढं एका बैठकीत काढा.

कार्ड रीडर विरुद्ध बाकी सगळं

प्लेअरमध्ये मेमरी कार्ड असेल तर खरं तर वरचं अर्धं वाचायची गरजच नाही. प्लेअर बंद करा, कार्ड काढा, दोन-तीनशेच्या रीडरमध्ये घाला, गाणी कॉपी करा, परत घाला. केबल, ड्रायव्हर, मोड सगळ्याला बगल. वेगही बहुतेक वेळा जास्तच मिळतो, कारण जुन्या प्लेअरचा यूएसबी गोगलगाय असतो. तोटे दोनच, प्लेअरच्या आतल्या मेमरीत असलेल्या गाण्यांना ह्याचा काही उपयोग नाही, आणि रोज काढून घालून कार्डाचा खाचा सैल होतो. नवीन मोठं कार्ड घेणार असाल तर बघून घ्या, 32 जीबीच्या पुढची कार्डं एक्सफॅट नावाच्या मांडणीत येतात आणि बऱ्याच जुन्या प्लेअरना फक्त फॅट 32 ही जुनी मांडणी कळते, मग कार्ड खराब म्हणून उगाच दुकानदाराशी भांडण.

दुकान, नवा प्लेअर की जुना फोन

चांगल्या केबलनेही ती हलवली की कनेक्शन येतं-जातं असं होत असेल तर बहुतेक सॉकेटचं सोल्डर सुटलंय, हे दुकानाचंच काम. पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, तिथे सॉकेट बदलणारे बसतात, मोबाइलचं सॉकेट बदलतात तसंच हे. देताना स्पष्ट सांगा की फक्त सॉकेट, आतल्या मेमरीला हात नाही. त्याआधी एक टूथपिक घेऊन सॉकेटमधला खिशातला कचरा काढून बघा, हळू, आणि प्लेअर बंद असताना. बॅटरी फुगून पाठ वर आलेली दिसली तर मात्र घरी काहीही करत बसू नका, चार्जिंगलाही लावू नका.

वर्षानुवर्षं कपाटात पडलेला प्लेअर लगेच लावून निकाल देऊ नका हेही सांगून ठेवते. बॅटरी पूर्ण उतरलेली असली की काही प्लेअर कॉम्प्युटरला उत्तरच देत नाहीत, आधी साध्या चार्जरवर तासभर ठेवा.

रिपेअरचा खर्च नव्या साध्या प्लेअरच्या निम्म्यावर गेला तर मी नवा घेईन, अपवाद फक्त ज्यात एकुलती एक गाणी आहेत त्याचा, तिथे हिशोब प्लेअरचा नसतो. नव्यात कार्डाचा खाचा हवाच, सी टाइप हवा, आणि एमएससी मोड असेल तर उत्तम. भारी आवाजाच्या बढाया मारणारे महागडे प्लेअर घ्यायचे तर घ्या, पण बरेच आतून अँड्रॉइड असतात, म्हणजे परत एमटीपी आलंच.

घरात पडलेला जुना अँड्रॉइड फोन, सिम काढून, हेडफोनचं भोक असलेला, हा सगळ्यात स्वस्त पर्याय. फक्त तो लॅपटॉपला लावला की आधी नुसता चार्ज होतो, लॉक उघडून वरून नोटिफिकेशन खाली ओढा आणि फाइल ट्रान्सफर निवडा. माझ्या भावाने ह्या एका गोष्टीसाठी दोन केबल विकत घेतल्या होत्या. पण बाबांसारख्या माणसाला फोन देऊन उपयोग नाही, त्यांना बटणं लागतात, न बघता खिशातल्या खिशात गाणं पुढे करता आलं पाहिजे.

आणि सेकंडहँड घेणार असाल तर स्वतःचा लॅपटॉप घेऊन जा, विकणाऱ्यासमोर लावा, एक गाणं आत टाका, बाहेर काढा, मग पैसे द्या. केबल त्याच्याकडची असेल तर तीही मागून घ्या, विशेषतः सोनीची.