टोनीबॉक्सवर मराठी गोष्टी: दिवाळीपासून वापरतोय, त्याबद्दल

आम्ही श्टुटगार्टला राहतो. मुलगी पाच वर्षांची, दिवसभर किंडरगार्टनमध्ये जर्मन बोलते. दिवाळीत घरात टोनीबॉक्स आला, तेव्हापासून तो जवळपास रोज वाजतोय. ओळखीची मराठी मंडळी घरी आली की हमखास विचारतात, "यावर मराठी चालतं का?" चालतं. पण ते आपणच भरावं लागतं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ड्युसेलडॉर्फच्या कंपनीने 2016 मध्ये आणलेला हा मऊ कापडी ठोकळा आहे, स्क्रीन नाही. वर छोटी बाहुली ठेवली की ती लोहचुंबकाने चिकटते आणि तिची गोष्ट सुरू होते; उचलली की बंद. मोठा कान दाबला की आवाज वाढतो, लहान दाबला की कमी होतो, बाजूला चापट मारली की पुढची गोष्ट लागते. जास्तीत जास्त आवाज किती असावा हे अ‍ॅपमधून ठरवता येतं. गोष्टी एकदा वायफायवरून उतरल्या की पुढे नेट लागत नाही, त्यामुळे प्रवासातही चालतो. मुलगी सगळं स्वतः हाताळते. मला हाक मारत नाही, आणि रविवारी सकाळी याचं मोल फार असतं.

खरी गंमत क्रिएटिव्ह-टोनी या बाहुलीत आहे. ती रिकामी मिळते आणि तीत आपलं 90 मिनिटांचं रेकॉर्डिंग मावतं. साताऱ्याहून आई व्हॉट्सअ‍ॅपवर गोष्ट पाठवते, मी ती एमपीथ्री करून अ‍ॅपवर चढवतो, मग बाहुली ठोकळ्यावर ठेवून कान तीनेक सेकंद दाबून धरायचा. झालं. आपलं रेकॉर्डिंग कंपनीच्या सर्व्हरवरून जातं, ज्यांना ते नको वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आईने सुरुवातीला पुस्तकातून वाचून पाठवलं. वाचताना ती ग्रामपंचायतीची नोटीस वाचल्यासारखी वाचते. मग तिला म्हटलं, पुस्तक मिट आणि सांग. तिथून चित्र पालटलं. "आणि मग काय गं, ती म्हातारी..." असं सुरू झालं की मुलगी जागची हलत नाही. मागे कुकरची शिट्टी, घंटागाडीचं गाणं, शेजारच्या काकूंची हाक असतेच. मी एकदा ते सगळं कापून स्वच्छ करून दिलं, तर मुलीला शिट्टीवालीच हवी होती.

तरी आवाजाकडे थोडं लक्ष द्याच. पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि खोली गाद्या-उश्यांची. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि या छोट्या स्पीकरवर शब्द कळत नाहीत. लांबीचं म्हणाल तर सहा-सात मिनिटं उत्तम. पंधरा मिनिटांची गोष्ट आमच्याकडे कधीच शेवटपर्यंत गेली नाही.

आईचा साठा संपत आला तेव्हा 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' या ऑनलाइन गोष्टींच्या संग्रहाकडे वळलो. 2015 पासून चालू असलेल्या या संग्रहात मराठीतही भरपूर गोष्टी आहेत, फुकट. बहुतेक खुल्या परवान्याखाली असल्याने श्रेय देऊन वाचता-रेकॉर्ड करता येतात. म्हणून लेखक, अनुवादक आणि चित्रकार यांची नावं आम्ही गोष्टीच्या आधी बोलून टाकतो. शाळेत जाणाऱ्या, झाडावर चढणाऱ्या, किडे गोळा करणाऱ्या मुलांच्या गोष्टी तिथे सापडतात. फक्त वाचनाच्या पहिल्या पातळीच्या घेऊ नका. त्यात पानावर एखादं वाक्य आणि बाकी सगळं चित्रात असतं, त्यामुळे नुसतं ऐकताना काही उरत नाही. तिसऱ्या पातळीच्या गोष्टी कानाला पुरतात.

मधे एका सशुल्क अ‍ॅपचंही वर्षाचं सदस्यत्व घेतलं होतं. मराठी म्हणून जे होतं ते यंत्राच्या आवाजातलं. "या ताईला श्वास लागत नाही का?" असं मुलीनेच विचारलं. वर प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तात्पर्य, तेही दोनदा. बंद केलं.

आता आमच्याकडे दोन क्रिएटिव्ह-टोनी आहेत. एक आजीची, दुसरी बाकी सगळ्यांची. मालवणचा मावसभाऊ मालवणीत भुताच्या गोष्टी सांगतो (घाबरवणाऱ्या नाहीत, ती भुतं मासे चोरतात), अकोल्याची काकू वऱ्हाडीत. काकूचं अर्धं मलाच कळत नाही, पण मुलगी नेमक्या जागी हसते. या पैशांत मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिचं मराठी. आमच्या घरातलं मराठी म्हणजे दात घास, बूट घाल, चल लवकर, इतकंच उरलं होतं. नुसतं आज्ञार्थी. "तो गेला होता", "तिला वाटलं असेल" अशी वाक्यं आम्ही तिच्याशी बोलतच नव्हतो. आता ती किंडरगार्टनमधली भांडणं मला मराठीत आणि क्रमवार सांगते. लिंगाची गडबड आहे. दगड अजून "ती" आहे. असू दे.

90 मिनिटं मात्र भराभर भरतात. नवी गोष्ट घालायची तर जुनी काढावी लागते, आणि कुठली काढायची यावर आमच्याकडे वाटाघाटी चालतात. काढलेल्या गोष्टी वेगळ्या ठेवून द्या, महिन्याभराने परत मागितल्या जातात.

भारतात राहणाऱ्यांनी यासाठी मुद्दाम हा ठोकळा मागवू नये. पेनड्राइव्ह लागणारा साधा स्पीकर आणि सांगणारी दोन माणसं पुरतात. फक्त मुलाला गोष्ट स्वतः निवडता येणार नाही. जर्मनीत असाल तर जरूर घ्या, पण तयार बाहुल्यांवर पैसे घालवण्याआधी गावातल्या ष्टाटबिब्लिओथेकमध्ये, म्हणजे नगर वाचनालयात, विचारा. बऱ्याच ठिकाणी त्या पुस्तकांसारख्याच घरी नेता येतात. आम्ही जर्मन गोष्टी तिथूनच आणतो आणि विकत फक्त रिकाम्या बाहुल्या घेतो.