‘ॲड्रिनल थकली’ म्हणून आईला विकलेल्या कॅप्सूल

माझ्या आईला बऱ्याच वर्षांपासून डायबेटीस आहे, गुडघे दुखतात, आणि ती सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी दादा-वहिनींकडे राहते. शिबिरवाल्यांना नेमकी अशीच माणसं हवी असतात. गेल्या दिवाळीनंतर गावात देवळाच्या सभामंडपात ‘मोफत संपूर्ण शरीर तपासणी’चं शिबिर भरलं. तिथून पुढे जे झालं ते लिहिते आहे, कारण तसाच लॅपटॉप आणि तसंच मशीन घेऊन फिरणारे लोक आजूबाजूच्या गावांतही आहेत.

टेबलावर लॅपटॉप, त्याला वायरने जोडलेली चकचकीत धातूची दांडी. नाव, वय, उंची, वजन विचारायचं, दांडी मुठीत धरायला लावायची, आणि मिनिटभरात प्रिंटरमधून पानंच्या पानं बाहेर. लिव्हर, किडनी, हाडं, हार्मोन, सगळ्यांचे आकडे लाल-हिरव्या रंगांत. रक्ताचा एक थेंबही घेतला नाही. आईच्या कागदावर ‘ॲड्रिनल’ची ओळ लाल होती. पांढरा कोट घातलेला माणूस तिला म्हणाला, “आई, तुमच्या शुगरचं मूळ स्वादुपिंडात नाहीच. किडनीच्या वर दोन ग्रंथी असतात, त्या थकल्यात. गुडघेदुखीही त्यामुळेच. वरवरच्या गोळ्या आयुष्यभर खायच्या की मुळावर इलाज करायचा, तुम्ही ठरवा.”

आईची शुगर गोळ्यांवर बरी होती. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीएवनसी 7.2 होतं. पण गुडघ्यांनी ती रडकुंडीला आली होती, आणि माणूस दुखण्यापुढे हरतो. 14,500 रुपयांचा कोर्स ठरला. निम्मे रोख, निम्मे फोनवरून. डब्यांवर हिरव्या पानांचं चित्र आणि ‘शंभर टक्के वनौषधी’. लायसन्स नंबर नाही, बॅच नंबर नाही, आत काय आहे याची यादी नाही.

हे खोटं इतकं पटतं, कारण त्यातलं अर्धं खरं आहे. ॲड्रिनल ग्रंथी खरंच किडनीच्या वर असतात आणि त्यांच्यातून निघणाऱ्या कॉर्टिसोल या हार्मोनचा साखरेशी थेट संबंध असतो. कॉर्टिसोल लिव्हरला ग्लुकोज तयार करायला लावतं आणि इन्शुलिनचा परिणाम कमी करतं. ते फार वाढलं की कुशिंग सिंड्रोम होतो आणि साखर चढते. ते फार कमी झालं की साखर, बीपी दोन्ही कोसळू शकतात. या ग्रंथी निकामी होण्याचा आजार थॉमस ॲडिसन यांनी 1855 मध्येच नोंदवून ठेवला आहे. हे दोन्ही आजार खरे आहेत आणि ते रक्त, लघवी किंवा लाळेच्या प्रयोगशाळेतल्या तपासण्यांवरून ओळखले जातात. ‘ॲड्रिनल थकणं’ नावाचा आजार मात्र हार्मोनतज्ज्ञांच्या संघटना मानत नाहीत. 2016 मध्ये 58 अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्षही तोच होता: असा आजार असल्याचा पुरावा नाही. आणि मुठीत दांडी धरून कुठलंच हार्मोन मोजता येत नाही.

कॅप्सूल सुरू झाल्या आणि आठवडाभरातच आईचे गुडघे दुखायचे थांबले. जिना चढायला लागली, भूक लागायला लागली, गाल भरले. शेजारच्या बायका म्हणाल्या, “माई, तब्येत सुधारली हो.” गावातल्या आणखी काही घरांनी तिच्याकडे बघून पैसे भरले. याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. तिच्या बऱ्या दिसण्याची त्यांनी जाहिरात केली.

वहिनी ग्लुकोमीटरचे आकडे एका वहीत लिहून ठेवते. ती वही मी नंतर पानापानाने पाहिली. सकाळी उपाशीपोटी 140, 150, म्हणजे फारसं बिघडलेलं नाही. पण दुपारी जेवणानंतर 290, मग 340, एकदा 412. सकाळी साखर बरी आणि दुपारपासून चढलेली, हे सकाळी स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसोलसारखं काम करणारं औषध, घेणाऱ्यांमध्ये नेहमी दिसतं, हे आम्हाला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. वहिनीने त्या माणसाला फोन केला तेव्हा त्याने सांगितलं, “शरीरातली घाण बाहेर पडतेय. आधी वाढणार, मग उतरणार. घाबरून कोर्स तोडू नका.” दरम्यान तालुक्याच्या डॉक्टरांनी वाढलेली शुगर बघून तिच्या रोजच्या गोळ्यांचा डोस वाढवला. त्यांनी विचारलं होतं, दुसरं काही औषध चालू आहे का. आई नाही म्हणाली. तिच्या लेखी ते औषध नव्हतं, जडीबुटी होती.

कोर्स संपत आला आणि त्या माणसाचा फोन लागेनासा झाला. कॅप्सूल संपल्या. दोन-चार दिवसांत आई गळून गेली, उलट्या सुरू झाल्या, अन्न जाईना. एका पहाटे वहिनीने हाक मारली तर तिला नीट शुद्ध नव्हती, अंग घामाने भिजलेलं. साखर 48. दादाने गाडीत घालून सोलापूरला नेलं. तिथे पोचेपर्यंत बीपी 80/50.

मी पुण्याहून पोचले तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाई आईचा हात उलटसुलट करून बघत होत्या. कोपराखालची कातडी कागदासारखी पातळ झालेली, जांभळे डाग, चेहरा गोल, मानेमागे चरबीचा उंचवटा, आणि हातपाय मात्र काटकुळे. त्यांनी शुगरबद्दल काही विचारायच्या आधी विचारलं, “आजी, दुखण्यासाठी कुठली पुडी, कॅप्सूल, काढा घेत होतात का?” वहिनीने पिशवीतून रिकामा डबा काढला.

त्यांनी रक्त तपासायला घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे औषध म्हणून देतात त्या कॉर्टिसोलचं, 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत आई उठून बसली. रिपोर्टमध्ये कॉर्टिसोल 1.1 होतं. सकाळी आठच्या सुमारास ते 3 च्या खाली असलं की ग्रंथी काम करत नाहीत असा दाट संशय घेतात, आणि इतक्या आजारी माणसात तर ते खूप वाढलेलं असायला हवं.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला जे समजावलं ते मी जमेल तसं सांगते. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही बाहेरून दिलेली स्टिरॉइड कॉर्टिसोलचंच काम करतात, पण कितीतरी जास्त ताकदीने. डेक्सामेथासोनचं पाऊण मिलिग्रॅम म्हणजे हायड्रोकॉर्टिसोनच्या 20 मिलिग्रॅमइतकं, आणि शरीराला दिवसभरात साधारण तेवढंच लागतं. गोळी अगदी स्वस्त असते, कुटून कुठल्याही चूर्णात मिसळता येते. आईच्या कॅप्सूलमध्येही असंच काही मिसळलेलं असणार. रोज बाहेरून मिळतंय म्हटल्यावर मेंदूतली पिट्युटरी ॲड्रिनलला निरोप पाठवणं बंद करते आणि ग्रंथी झोपी जाते. रक्तातलं कॉर्टिसोल मोजताना डेक्सामेथासोन दिसत नाही. म्हणून अंगावर स्टिरॉइडच्या अतिरेकाच्या खुणा आणि रिपोर्टमध्ये कॉर्टिसोल जवळजवळ शून्य, असं चित्र दिसतं. मग कॅप्सूल अचानक थांबल्या. बाहेरचं बंद, आतलं झोपलेलं, आणि वर डायबेटीसच्या गोळ्यांचा वाढवलेला डोस. जी ग्रंथी थकलीय म्हणून पैसे घेतले, ती त्यांच्या कॅप्सूलनीच बंद पाडली होती.

स्टिरॉइड वाईट असतात असं मी म्हणत नाही. 1948 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं, काही दिवसांत फरक पडला आणि 1950 मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. आज आईचा जीवही स्टिरॉइडनेच वाचवला. पण ते देणाऱ्याला डोस माहीत असावा लागतो आणि घेणाऱ्याला आपण काय घेतोय हे माहीत असावं लागतं. स्टिरॉइड आणि अनियंत्रित शुगर यांची जोडी काय करते हे 2021 च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने काळ्या बुरशीच्या रुग्णांमध्ये पाहिलं आहे. परदेशी डबा आहे म्हणजे सुरक्षित, असंही समजू नका. 2018 मध्ये अमेरिकेत ‘ॲड्रिनलसाठी’ म्हणून विकली जाणारी 12 उत्पादनं तपासली, तर सगळ्यांत थायरॉइडचं हार्मोन आणि 7 मध्ये एक तरी स्टिरॉइड हार्मोन सापडलं.

तुमच्या घरी कुणी असं काही घेत असेल तर कृपा करून हे वाचा. तो डबा आज फेकून देऊ नका आणि कॅप्सूल मनाने एकदम बंद करू नका. आईचा जीव धोक्यात आला तो कॅप्सूल थांबल्यावर. डबा, पुडी, जे असेल ते घेऊन त्याच दिवशी फिजिशियनकडे किंवा हार्मोनतज्ज्ञाकडे जा आणि किती दिवस घेतलं ते खरं सांगा. उलट्या, चक्कर, गुंगी, घाम असं काही असेल तर थेट मोठ्या दवाखान्यात. आईला अजून हायड्रोकॉर्टिसोन चालू आहे, डोस हळूहळू उतरवताहेत, ग्रंथी जागी व्हायला महिने लागतील असं सांगितलंय. ताप आला तर डोस दुप्पट करायचा, आणि स्टिरॉइडवर असल्याची चिठ्ठी कायम पर्समध्ये ठेवायची.

साखर-गुडघे-थकवा सगळ्यांवर एकच औषध, दुखणं झटपट गायब, तोंड गोल होणं आणि दुपारची शुगर चढणं, हे एकत्र दिसलं की संशय घ्या. घरच्या म्हाताऱ्या माणसांना ‘औषध घेता का’ एवढंच विचारू नका. चूर्ण, पुडी, काढा, जडीबुटी असं नाव घेऊन विचारा.

नंतर घरात एका जुन्या डब्यात राहून गेलेल्या दोन कॅप्सूल सापडल्या. त्या, तो छापील रिपोर्ट आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट जोडून आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे. नमुन्याचा अहवाल यायचा आहे. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं 1954 च्या औषधं आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे, आणि डेक्सामेथासोन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. गावातल्या ज्या घरांनी आईकडे बघून कोर्स घेतला होता, त्या प्रत्येक घरी वहिनी स्वतः जाऊन आली. त्यातल्या दोघांच्या कॅप्सूल अजून चालू होत्या. दोघांनाही सोलापूरला दाखवलं आहे.